गोळी एक, तासीर वेगळी

उर्दूच्या तासाला 'तासीर' हा शब्द आला की मला त्याचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही. वऱ्हाडात हा शब्द घराघरांत आहे. गुळाची तासीर गरम, काकडीची थंड, हे आमच्या हिवरखेडमध्ये मराठी बोलणारी आजीही सांगते आणि उर्दू बोलणारी दादीही. अरबीत 'असर' आणि 'तासीर' एकाच धातूपासून आले आहेत. एखादी वस्तू अंगात गेल्यावर जो परिणाम करते, ती तिची तासीर.

हा शब्द मला हल्ली मेडिकलच्या काउंटरवर सारखा आठवतो. साखरेच्या गोळ्या घ्यायला आलेली दोन माणसं बोलत असतात. एक म्हणतो, "मले तं या गोयीनं काही फरक नाही पडून राह्यला." दुसरे चाचा म्हणतात, "अपने कू तो यही गोली लागू हुई, भाऊ." गोळी तीच, कंपनी तीच, मिलिग्रॅमही तेच. एकाची शुगर तीन महिन्यांत ताळ्यावर येते, दुसऱ्याची हलत नाही. तिसऱ्याला त्याच गोळीनं दुपारी चक्कर येऊन घाम फुटतो.

यावर आपली तीन ठरलेली उत्तरं आहेत. पेशंटनं परहेज पाळलं नाही, डॉक्टरला कळत नाही, किंवा औषध नकली आहे. कधी कधी यातलं एखादं खरंही असतं. पण एक चौथं उत्तरही आहे आणि ते पेशंटच्या पेशींत आईबापांकडून आलेलं असतं. त्या उत्तराचा शोध कसा लागला, आणि तो आपल्या महाराष्ट्रापर्यंत कसा आला, हे या लेखात सांगायचं आहे.

हकीम आणि वैद्य काय म्हणत होते

इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या 'अल-क़ानून फ़ित-तिब' या ग्रंथात मधुमेहाचं वर्णन आहे. वारंवार लघवी, सारखी तहान, लघवीतला गोडवा आणि पुढे सडणाऱ्या जखमा, हे सगळं त्यांनी नोंदवलं होतं. पण आपल्या विषयासाठी याच ग्रंथाचा दुसरा खंड जास्त महत्त्वाचा आहे. औषधाची परीक्षा कशी घ्यावी याचे नियम त्यात आहेत. औषध भेसळ नसलेलं असावं, परिणाम पुन्हा पुन्हा तसाच दिसावा, आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण घोड्यावर किंवा सिंहावर दिसलेली तासीर माणसावर तशीच दिसेल याचा भरवसा नाही. एक हजार वर्षांपूर्वी त्यांनी विचारलेला प्रश्न आजही तोच आहे: औषध तपासलं ते कोणाच्या शरीरावर?

युनानी वैद्यकाचा पाया 'मिजाज'. प्रत्येक माणसाचा मिजाज वेगळा, म्हणून एकच दवा दोघांवर सारखी चालेल असं हकीम धरत नसत. आयुर्वेदात तोच विचार 'प्रकृती' या नावानं आहे. सुश्रुतसंहितेत तर प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मासोबत आलेला, ज्याचा रोगी कृश असतो, दुसरा आहारविहारातून आलेला, ज्याचा रोगी स्थूल असतो. दोघांचे उपचारही वेगळे सांगितले आहेत. सडपातळ मधुमेही आणि लठ्ठ मधुमेही यांना एका दावणीला बांधू नये, हे या मातीतल्या वैद्यांना दिसलं होतं.

मात्र याचा अर्थ सगळं आधीच आपल्या ग्रंथांत होतं, असा कोणी काढू नये. मिजाज आणि प्रकृती या निरीक्षणातून आलेल्या कल्पना होत्या. त्या मोजायच्या कशा, त्या शरीरात नेमक्या कुठे असतात आणि मुलांत कशा उतरतात, याचं उत्तर हकिमाकडेही नव्हतं आणि वैद्याकडेही नव्हतं. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकृती आणि औषध पचवणारी जनुकं यांचा काही संबंध लागतो का, हे प्रयोगशाळेत तपासून पाहिलं आहे. जुन्या कल्पनेचा मान असाच राखायचा असतो. ती तपासून पाहायची.

हिवतापाच्या गोळीनं उघडलेलं दार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड नावाचे डॉक्टर काही विचित्र, वंशपरंपरेनं येणाऱ्या आजारांचा अभ्यास करत होते. प्रत्येक माणसाची रासायनिक घडण थोडी निराळी असते, असं त्यांनी १९०२ मध्ये मांडलं. चेहरे जसे एकसारखे नसतात तशी शरीरातली रसायनंही नसतात. त्या वेळी फार थोड्यांनी याकडे लक्ष दिलं.

लक्ष गेलं ते युद्धामुळे. कोरियातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हिवतापासाठी प्रायमाक्विन ही गोळी दिली जाई. बहुतेकांना ती चालली. पण आफ्रिकी वंशाच्या काही सैनिकांची लघवी काळपट झाली, रक्त झपाट्यानं कमी झालं. त्यांच्या तांबड्या पेशी फुटत होत्या. १९५६ मध्ये कारण सापडलं. त्यांच्या तांबड्या पेशींत एक विकर जन्मतः कमी होतं. त्याचं लांबलचक नाव आपण सोडून देऊ; डॉक्टर त्याला जी६पीडी म्हणतात. या विकराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त दिसतो. रोज जगताना त्या माणसाला काहीच त्रास नसतो. ठरावीक गोळी पोटात गेली की दोष उघड होतो.

हा दोष फक्त आफ्रिकेचा नाही. आपल्याकडे पारशी समाजात, अनेक आदिवासी समाजांत तो आढळतो. त्याच्या एका प्रकाराला तर आपल्या कल्याणचं नाव आहे. तिथल्या एका कोळी कुटुंबात तो सापडला, पुढे केरळमध्ये सापडलेला प्रकार तोच निघाला, आणि जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात तो 'केरळ-कल्याण' म्हणून नोंदला गेला.

त्याच दशकात क्षयाच्या आयसोनियाझिड या गोळीची गोष्ट पुढे आली. काही माणसांचं शरीर ती भराभर निकामी करून बाहेर टाकतं, काहींचं सावकाश. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्रात भारतीय पेशंटांवर हा अभ्यास बारकाईनं झाला.

हे सगळे धागे एकत्र बांधले आर्नो मोटुल्स्की यांनी. हे जर्मनीतले ज्यू. १९३९ मध्ये नाझींपासून पळणाऱ्या निर्वासितांनी भरलेल्या 'सेंट लुईस' जहाजात ते पोरसवदा वयात होते. त्या जहाजाला क्युबानं आणि अमेरिकेनं परत पाठवलं होतं. पुढे ते अमेरिकेत डॉक्टर झाले आणि १९५७ मध्ये त्यांनी लिहिलं की औषधाचा अनपेक्षित परिणाम पुष्कळदा जनुकांमुळे होतो. १९५९ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश फोगेल यांनी या अभ्यासाला नाव दिलं. मराठीत त्याला औषध-आनुवंशिकी म्हणता येईल. ज्या विचारसरणीनं रक्ताच्या नावावर माणसांची वर्गवारी करून त्यांना मारलं, तिच्या तावडीतून सुटलेल्या माणसानं रक्तातला फरक जीव वाचवायला वापरला. याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

साखरेच्या दोन जुन्या गोळ्या

आता आपल्या काउंटरवरच्या गोळ्यांकडे वळू. यातल्या दोन सर्वांत जुन्या आणि स्वस्त.

पहिली सल्फोनिलयुरिया गटातली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही तिचीच भावंडं. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए गावात मार्सेल जाँबों हे डॉक्टर टायफॉइडवर एक नवं सल्फा औषध देऊन पाहत होते. काही पेशंटांची रक्तातली साखर एकदम इतकी उतरली की झटके आले. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिए यांनी हा अपघात नीट तपासला. स्वादुपिंड शाबूत असेल तरच हे औषध साखर उतरवतं, असं त्यांच्या लक्षात आलं. स्वादुपिंडातल्या पेशींना एक पोटॅशियमचं दार असतं. ते बंद झालं की पेशी इन्सुलिन सोडते. ही गोळी ते दार बंद करते.

दुसरी मेटफॉर्मिन. तिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय रानवनस्पतीपर्यंत जातं. १९५७ मध्ये फ्रान्सच्याच ज्याँ स्टर्न यांनी ती मधुमेहावर वापरून निकाल छापले. ती मुख्यतः यकृतावर काम करते. यकृत रक्तात सोडत असलेली जादा साखर कमी करते. अमेरिकेत ती विकायला १९९५ उजाडलं. १९९८ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले आणि ती जगभर पहिल्या पसंतीची गोळी झाली. त्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त पेशंट होते. दहातले आठ गोरे, साधारण एक भारतीय वंशाचा. इब्न सीनांचा प्रश्न इथं पुन्हा उभा राहतो.

जिथं जनुकानं नशीब बदललं

जनुक पाहून औषध बदलावं, हे मधुमेहात सर्वांत स्पष्टपणे दिसलं ते तान्ह्या बाळांत. जन्मल्यावर सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळांना पूर्वी जन्मभर इन्सुलिनची सुई ठरलेली. २००४ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर शहरातल्या अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटानं दाखवलं की यातल्या अनेक बाळांत केसीएनजे११ या जनुकात बिघाड असतो. हे जनुक त्याच पोटॅशियमच्या दाराचं. दार उघडंच अडकून बसल्यामुळे इन्सुलिन असूनही बाहेर पडत नाही. मग दार बंद करणारी जुनी, स्वस्त गोळी दिली तर? २००६ मध्ये निकाल आले. अशा ४९ पेशंटांपैकी ४४ जणांची सुई सुटली. काही जण तोवर मोठे झाले होते आणि वर्षानुवर्षं रोज सुई टोचून घेत होते. भारतातही अशी बाळं सापडली आहेत आणि त्यांच्या सुया सुटल्या आहेत.

दुसरं उदाहरण तरुणांचं. काही घराण्यांत आजोबा, वडील, मुलगा अशा ओळीनं पंचविशीच्या आतबाहेर मधुमेह होतो. अंग सडपातळ. यातल्या एका प्रकारात एचएनएफ१ए या एकाच जनुकाचा दोष असतो. २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात अशा पेशंटांवर ग्लिक्लाझाइडचा परिणाम मेटफॉर्मिनच्या पाचपट दिसला. यांना 'टाइप टू' समजून नुसती मेटफॉर्मिन देत राहिलं तर साखर उतरत नाही आणि दोष परहेजाला लागतो. घरात तीन पिढ्यांना तरुणपणी शुगर झाली असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, ती यासाठी.

पण हे दोन्ही प्रकार विरळ आहेत. आपल्या भावाचा, चाचांचा मधुमेह साधा टाइप टू. तिथं एक जनुक सगळं ठरवत नाही. अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात.

यावर सर्वाधिक काम स्कॉटलंडच्या डंडी शहरात झालं. तिथं पेशंटांच्या औषधांची नोंद आणि रक्ताचे नमुने एकत्र ठेवलेले होते. त्यातून काही गोष्टी बाहेर आल्या. यकृतातलं सीवायपी२सी९ हे विकर सल्फोनिलयुरिया निकामी करतं. काहींच्यात ते जन्मतः मंद असतं. त्यांच्या अंगात गोळी जास्त वेळ टिकते आणि साखर जास्त उतरते. हा मंद प्रकार भारतीयांतही आढळतो. टीसीएफ७एल२ या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात आहे त्यांना मधुमेहाचा धोका जास्त, आणि त्यांच्यावर सल्फोनिलयुरिया कमी चालते. मेटफॉर्मिनमध्ये मात्र हा फरक दिसला नाही.

मेटफॉर्मिनला यकृताच्या पेशीत शिरायला एक वाहक लागतो. त्या वाहकाचं जनुक काहींच्यात कमजोर असतं, हे २००७ मध्ये अमेरिकेत दिसलं. २०१६ मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात आणखी एका जनुकाचा प्रभाव दिसला. लठ्ठ पेशंटांत त्या जनुकाच्या दोन प्रकारांमधला फरक साधारण ५५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनच्या फरकाइतका निघाला. म्हणजे एकाला जी गोळी पुरते ती दुसऱ्याला तेवढी कमी पडते. त्या अभ्यासातले दहा हजार लोक युरोपीय वंशाचे होते.

पुण्याचं काम

आपल्या शरीरांचा हिशेब कोणी मांडला? महाराष्ट्रात हे नाव घ्यावं लागतं ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला गेला. शेजारीशेजारी दोन सडपातळ डॉक्टर: एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो आकडा असतो, बीएमआय, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. यंत्रानं अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला दोघेही बारीक, आतून एक दुपटीहून जास्त चरबीचा. गोऱ्या माणसासाठी आखलेली फूटपट्टी आपल्याला का चालत नाही, हे शाळेतल्या पोरालाही त्या फोटोतून समजेल.

याची मुळं याज्ञिकांनी गर्भापर्यंत नेली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयाबायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद त्यांच्या गटानं ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकून. याज्ञिकांनी याला 'बारीक-लठ्ठ' बाळ म्हटलं. शेतात राबणाऱ्या, पोटभर न खाणाऱ्या आईचा गर्भ काटकसर करून वाढतो आणि तीच काटकसर पुढे शहरी खाण्यापुढे महागात पडते. म्हणजे औषध कोणत्या शरीरात पडतं ते फक्त जनुकांनी ठरत नाही, आईच्या ताटानंही ठरतं.

जनुकांचं कामही त्यांनी केलं. आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये टीसीएफ७एल२ जनुक शोधलं. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे गिरीराज चांडक आणि पुण्याचा गट यांनी ते भारतीय पेशंटांतही मधुमेहाशी जोडलेलं असल्याचं दाखवलं. म्हणजे काही दोष तिथलेही आणि इथलेही सारखेच आहेत.

मग फरक कुठं? स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मधुमेहाचे पाच गट पाडले होते. त्यातल्या एका गटात शरीर इन्सुलिन बनवण्यातच कमी पडतं. स्वीडनमध्ये हा गट पाचात एकाहूनही कमी. पुण्याच्या पेशंटांवर हीच वर्गवारी लावून २०२२ मध्ये निकाल छापले. हे पेशंट ४५ वर्षांच्या आत मधुमेह झालेले होते. त्यांच्यात निम्म्याहून जास्त त्याच इन्सुलिन-कमतरतेच्या गटात निघाले. पाश्चात्त्य पुस्तक सांगतं की टाइप टू म्हणजे बहुतेक वेळा लठ्ठपणा आणि इन्सुलिन न जुमानणारं शरीर. आपल्याकडच्या तरुण, बारीक पेशंटची अडचण पुष्कळदा वेगळी आहे: त्याच्याकडे इन्सुलिनच थोडं. ज्याच्या विहिरीला पाणीच कमी, त्याची मोटर बदलून किती फरक पडणार? अशा पेशंटला लवकर इन्सुलिन लागू शकतं, आणि तो त्याचा गुन्हा नसतो.

मोजपट्टीच चुकली तर

औषध लागू पडलं की नाही हे आपण कशावरून ठरवतो? एचबीए१सी या तपासणीवरून. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते तितका आकडा येतो. आता ज्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्याच्या पेशींना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रक्तात साखर भरपूर आणि रिपोर्ट छान! घरचे म्हणतात, गोळीची तासीर बघा किती चांगली.

हे आपल्या विदर्भासाठी फार गंभीर आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. तेव्हापासून हा आजार विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात आणि गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांत किती पसरलेला आहे हे माहीत झालं आहे. सातपुड्याच्या कुशीतला मेळघाट आमच्यापासून लांब नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, गावोगाव तपासण्या झाल्या. सिकलसेल असणाऱ्या माणसात एचबीए१सीवर विसंबता येत नाही. फक्त वाहक असणाऱ्यांतही आकडा किंचित कमी येऊ शकतो. जी६पीडीच्या दोषातही असंच. अमेरिकेतल्या २०१७ च्या अभ्यासात तो दोष असणाऱ्या पुरुषांचा आकडा सुमारे ०.८ नं कमी दिसला. एवढ्यात माणूस मधुमेहाच्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे हे बदलतं. उलट लोहाच्या कमतरतेमुळे, जी आपल्या बायकांत घरोघर आहे, आकडा वाढूनही येतो.

उपाय अवघड नाही. बोटातून थेंब काढून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजावी आणि रिपोर्टशी ताडून पाहावी. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर सिकलसेलच्या कार्डाबद्दल डॉक्टरांना सांगावं. जी६पीडीचा दोष घरात कोणाला निघाला असेल तर तेही सांगावं, कारण सल्फोनिलयुरियानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

जनुक आणि जात

इथं एक सावधगिरी हवी. जनुकांचा विषय निघाला की लोक लगेच 'त्यांच्या रक्तात' आणि 'आमच्या रक्तात' असं बोलू लागतात. आपल्या देशात शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाली, त्यामुळे काही जनुकदोष काही समाजांत साचले हे खरं आहे. आर्य वैश्य समाजात एक विकर कमी असणारी माणसं जास्त सापडतात. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं एक औषध त्यांच्यात लवकर उतरत नाही. ही माहिती भूलतज्ज्ञाला असेल तर जीव वाचतो. तिचा उपयोग तेवढाच.

मुसलमानांची जनुकं वेगळी असतील, असंही कोणाला वाटतं. भारतीय मुस्लिमांवर झालेल्या जनुकीय अभ्यासांत ते बहुतांशी आपापल्या प्रदेशातल्या शेजाऱ्यांच्याच जवळचे दिसले आहेत. वऱ्हाडच्या काळ्या मातीतला शेख आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतला देशमुख यांचं यकृत गोळीला ओळखताना आडनाव विचारत नाही. आणि एका समाजात एखादा दोष जास्त आढळतो म्हणून समोरच्या माणसात तो असेलच असंही नाही. ते एकेका माणसात तपासूनच कळतं. मोटुल्स्कींच्या आयुष्याकडे पाहिलं की हा फरक विसरता येत नाही.

रोजा आणि गोळी

आपल्या वाचकांसाठी एक बाब वेगळी सांगायला हवी. २००१ च्या रमजानमध्ये भारतासह तेरा देशांत मधुमेही रोजेदारांचा अभ्यास झाला. टाइप टूच्या पेशंटांत साखर धोकादायक उतरून दवाखान्यात जावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये एरवीच्या साडेसात पट झालं होतं. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फार कमी. सल्फोनिलयुरिया आणि इन्सुलिनमध्ये तो खरा आहे. ज्याचं यकृत ती गोळी सावकाश निकामी करतं, त्याच्या अंगात सहरीला घेतलेली गोळी दुपारीही जोरात असते. शेजारचे चाचा तीच गोळी खाऊन तीस रोजे करतात, हा आपल्यासाठी पुरावा होत नाही.

म्हणून रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी, मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. रोजात बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुरआननं दिली आहे. ती नाकारण्यात बहादुरी नाही.

आज आपण काय करावं

टाइप टूच्या प्रत्येक पेशंटनं जनुकांची तपासणी करावी, असं आज कोणतीही जबाबदार वैद्यकीय संस्था सांगत नाही. तान्ह्या बाळांचा मधुमेह आणि पिढ्यान्‌पिढ्या तरुणपणी येणारा मधुमेह, या दोन ठिकाणी ती नक्की उपयोगी आहे. इतरांसाठी एकेका जनुकाचा फरक अजून लहान आहे. तेव्हा हजारो रुपये घेऊन 'तुमची गोळी तुमच्या डीएनएवरून' सांगणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावं.

पण तीन गोष्टी बिनपैशाच्या आहेत. शेजाऱ्याची गोळी आपल्यावर आजमावू नये. गोळी लागू पडत नसेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. गोळी बदलता येते. आणि घरात कोणाला, कोणत्या वयात शुगर झाली, कोणाला कोणती गोळी सोसली नाही, हे एका वहीत लिहून ठेवावं. आपल्याकडे शजरा लिहायची जुनी रीत आहे. त्यात नावांपुढे आजारही लिहिले तर पुढच्या पिढीच्या डॉक्टरला त्याचा मोठा आधार होईल.

चौथी गोष्ट सरकारकडे आणि विद्यापीठांकडे मागायची आहे. २०२३ मध्ये छापलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. पुण्याजवळच्या सहा गावांनी नोंदी दिल्या म्हणून आपल्या शरीराबद्दल जगाला काही नवं कळलं. मेळघाटातली, अकोट-तेल्हाऱ्याकडची, अमरावतीच्या कापूसपट्ट्यातली शरीरं अशा नोंदीत फारशी आलेली नाहीत. आपल्या भागात उद्या कोणी असा अभ्यास घेऊन आलं, तर तो कोण करतंय, रक्ताचं पुढे काय होणार, निकाल आपल्याला कळवणार का, हे सगळं विचारावं. उत्तरं पटली तर बाही वर करून बसावं. आपल्या गोळीची तासीर आपल्यावर तपासली जावी, असं वाटत असेल तर त्या मोजणीत आपलंही रक्त असायला हवं.